लॅटिन कशासाठी?

इंग्लंडमधील ‘ग्रामर स्कूल’ या नावातले व्याकरण इंग्रजीचे नव्हते, लॅटिन-ग्रीकचे होते. हा अर्थ किती पक्का होता, ते १८०५ साली लीड्सच्या ग्रामर स्कूलविषयी झालेल्या निकालावरून कळते. शाळेचा निधी आधुनिक भाषांच्या शिक्षणाकडे वळवता येणार नाही, असे लॉर्ड एल्डन यांनी ठरवले. ही आडकाठी सैल होण्यासाठी १८४०चा कायदा यावा लागला.

तोवर लॅटिनची व्यावहारिक गरज ओसरली होती. न्यूटनने १६८७ मध्ये ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला, कारण युरोपभरचे विद्वान ती भाषा वाचत. पुढे शास्त्रग्रंथ देशी भाषांत आले आणि लॅटिनच्या समर्थकांनी नवा युक्तिवाद मांडला : लॅटिनमुळे बुद्धीला शिस्त लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन हा दावा तपासला. विचारशक्ती वाढवण्यात लॅटिन इतर विषयांहून फारसे सरस ठरले नाही. हुशार मुले हा विषय घेत, म्हणून तो हुशारी देतो असा भास होत असे.

१९६० मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजने प्रवेशासाठीची लॅटिनची अट काढण्याचा निर्णय घेतला. सक्तीचा आधार गेल्यावर अध्यापनाला स्वतःकडे पाहावे लागले. १९७० पासून आलेल्या ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’ने रूपावलींच्या घोकंपट्टीऐवजी पॉम्पेईतील एका कुटुंबाची कथा मुलांपुढे ठेवली. तिचा नायक सेसिलियस कल्पित नव्हे. त्या सावकाराच्या घरात व्यवहारांच्या मेणपाट्या १८७५ साली सापडल्या होत्या.

मग लॅटिनचे मोल कशात? ‘कानिस होमिनेम मोर्देत’ म्हणजे ‘कुत्रा माणसाला चावतो’. शब्दांची अदलाबदल केली तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण कर्म कोणते ते प्रत्यय सांगतो. मराठी मुलाला यात नवल नाही; त्याच्या मातृभाषेत विभक्ती आहे. इंग्रजी मुलाला मात्र येथे प्रथमच उमगते, की अर्थ शब्दांच्या जागेवाचूनही ठरू शकतो. त्याला प्रत्येक शब्दाच्या शेवटापाशी थांबावे लागते. साहित्याच्या वाचकाला लागणारी सावकाशी ती हीच.

ही संधी कोणाला मिळते, हा प्रश्न मात्र उरतो. इंग्लंडमध्ये लॅटिन प्रामुख्याने सशुल्क खासगी शाळांत टिकले. सरकारी शाळांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या योजनेचा निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये, शालेय वर्ष चालू असतानाच, थांबवण्यात आला. परीक्षेची तयारी करणारी मुले त्यामुळे मध्येच अडचणीत आली.

आपल्याकडे शाळेतील संस्कृतचे समर्थन बहुधा ‘गुण मिळतात’ एवढ्यावरच थांबते. लॅटिनचा इतिहास पाहता, असे बाहेरचे आधार एकेक करून निखळतात. त्या भाषेतले वाचायला शिकवले असेल, तरच विषयाला स्वतःचे कारण उरते.