लोखंडी कड्यापासून कोळशाच्या धाग्यापर्यंत

जुन्या वास्तूंविषयीं बोलतांना त्या कोणीं बांधल्या, केव्हां बांधल्या, द्रव्य किती लागलें, हें सारें आपण हौसेनें सांगतों. त्या पडतां पडतां कोणीं सांवरल्या, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. आज या सांवरणाऱ्यांविषयीं कांहीं सांगावयाचें योजिलें आहे.

प्रारंभ रोमपासून करूं. सेंट पीटरच्या मंदिराचा घुमट मायकेलँजेलोनें कल्पिला आणि त्याच्या पश्चात् जाकोमो देल्ला पोर्ता यानें तो १५९० सालीं पुरा केला. घुमटाचा धर्मच असा कीं, तो नुसता खालीं दाबत नाहीं, बाहेरही रेटतो. हा रेटा आवरण्यासाठीं बांधकामांतच लोखंडी कडीं घातलेलीं होतीं. तरी दीडशें वर्षांत घुमटाला उभ्या भेगा पडल्या आणि शहरांत घबराट उडाली. पोप चौदावा बेनेडिक्ट यानें १७४२ सालीं ले सर, जाकिये आणि बॉस्कोविच या तीन गणितज्ञांना कारण शोधावयास सांगितलें. त्यांचें गणित कित्येकांना रुचलें नाहीं. मायकेलँजेलोनें घुमट गणितावांचून कल्पिला, तर त्याची दुरुस्ती गणितावांचून कां होऊं नये, असा सवाल एका टीकाकारानें केला. सवाल चटकदार खरा. पण उभारणाऱ्याला कोऱ्या जागेवर काम करावयाचें असतें, आणि दुरुस्त करणाऱ्याला रोग्याच्या अंगावर, हा भेद त्यांत विसरला गेला.

पुढच्या वर्षीं पाडुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना पाचारण झालें. त्यांची युक्ति शाळेंतल्या मुलालाही समजावी अशी आहे. त्यांनीं संत्र्याच्या फाकीप्रमाणें घुमटाचे भाग कल्पिले, आणि फाकीच्या ज्या भागीं जेवढें वजन त्या प्रमाणांत लहानमोठीं वजनें एका साखळीला अडकवून ती लोंबती सोडली. लोंबत्या साखळीचा जो आकार होतो, तोच उलटा केला म्हणजे केवळ दाबावर उभ्या राहणाऱ्या कमानीचा होतो. ती उलटी रेषा घुमटाच्या जाडींत मावली. घुमट पडावयाचा नाहीं, परंतु त्यास नवीं कडीं हवींत, असा निर्वाळा त्यांनीं दिला. १७४३-४४ मध्यें वान्व्हितेल्ली या स्थापत्यकारानें पांच कडीं चढविलीं. जुन्यांपैकीं एक कडें तुटलेलें आढळल्यावर १७४८ सालीं सहावें बसविलें गेलें. आपला लोहार बैलगाडीच्या चाकावर तापलेली धाव चढवितो, तिचाच हा थोरला अवतार म्हणावा.

विसाव्या शतकांत काँक्रीट आलें आणि दुखण्याचें रूप पालटलें. काँक्रीट दाब सोसतें, ताण सोसत नाहीं. म्हणून ताणासाठीं त्याच्या पोटांत पोलादी सळ्या घालतात. सळई गंजली म्हणजे गंज मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो आणि भोंवतालचें काँक्रीट फोडतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यांत राहणाऱ्या मुंबईकरांना हें समजावून सांगावयास नको. कांहीं ठिकाणीं तर सळ्या घालावयाच्याच राहून जात! दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन येथें १९६४ सालीं अशाच एका इमारतीच्या तुळयांना बाहेरून पोलादी पट्ट्या इपॉक्सी राळेनें चिकटविण्यांत आल्या. उपाय चांगला; पण पट्ट्या जड, त्या उचलावयास परांची हवी, आणि राळेच्या आड पोलाद पुन्हा गंजूं शकतें.

येथें कोळशाचा धागा कथेंत येतो. एडिसननें १८७९ सालीं विजेच्या दिव्यांत जाळून कोळसा केलेला दोराच वापरला होता. परंतु तो ठिसूळ. १९६१ सालीं जपानांत अकिओ शिंदो यांनीं एका कृत्रिम तंतूपासून चांगला कार्बन-तंतु काढण्याची रीत दाखविली, आणि त्याच दशकांत इंग्लंडांतील फार्नबरो येथें तो अधिक बळकट झाला. केसाहून कितीतरी बारीक असा हा धागा वजनानें पोलादाच्या सुमारें चतुर्थांश असून ताण त्याहून कितीतरी अधिक सोसतो, आणि गंजत नाहीं.

विमानांतला हा धागा पुलाखालीं आला तो स्वित्झर्लंडमध्यें. ल्यूत्सर्नजवळील ईबाख पुलावर वाहतुकीचे दिवे बसविण्यासाठीं भोकें पाडतांना पुलाच्या पोटांतील ताणलेल्या तारांच्या एका जुडग्यांतील कांहीं तारा कापल्या गेल्या. अति जड वाहनांना बंदी झाली. खालून महामार्ग जात असल्यानें तो दिवसा बंद ठेवणें शक्य नव्हतें. उर्स मायर यांच्या मार्गदर्शनाखालीं १९९१ सालीं ५ मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद अशा तीन कार्बनच्या पट्ट्या रात्रीं, परांचीवांचून, एका उचल-पाळण्यावरून चिकटविण्यांत आल्या. पट्ट्यांची जाडी दोन मिलिमीटरांहून अधिक नव्हती. जेथें १७५ किलो पोलाद लागलें असतें, तेथें ६.२ किलो कार्बन पुरला. किलोमागें भाव पोलादाच्या कितीतरी पट. पण मजुरी आणि खोळंबा वांचला, त्यांत हिशेब जुळला.

जपानला हा धडा दुःखानें मिळाला. १७ जानेवारी १९९५ रोजीं कोबेच्या भूकंपांत सहा हजारांहून अधिक माणसें मेलीं आणि हानशिन द्रुतमार्गाचा सहाशें मीटरांहून लांब भाग कुशीवर कोसळला. त्यानंतर तेथें जे असंख्य खांब बळकट केले गेले, त्यांतील कित्येकांना हा काळा कपडा राळेनें गुंडाळला आहे. आडव्या कड्या अपुऱ्या असलेल्या खांबाचें काँक्रीट फुटून बाहेर पडूं पाहतें. कपडा तें आंवळून धरतो. पुन्हा तीच बैलगाडीची धाव!

मात्र हा कपडा म्हणजे रामबाण नव्हे. राळ उष्णतेनें मऊ पडते, म्हणून आगीपासून संरक्षण लागतें. खालचें काँक्रीट सडकें असेल तर पट्टी त्या सडक्या कवचासकट सुटून येते. सळ्यांचा गंज न काढतां वरून कपडा लावणें म्हणजे गळवावर रेशीम बांधणें होय. आपल्या इमारतीस असा उपाय कोणी सुचविला, तर आंतल्या सळ्या उघडून पाहिल्या काय, हें आधीं विचारावें. काम झाल्यावर सारें गुळगुळीत दिसतें. तेव्हां विचारून उपयोग नाहीं.

इटलींतील असीसी येथें २६ सप्टेंबर १९९७ रोजीं भूकंपानें संत फ्रान्सिसच्या मंदिराची कमानी छतें ढासळून चौघे दगावले. उरलेल्या छताच्या खालच्या अंगास अमूल्य भित्तिचित्रें, तेव्हां हात लावावयाचा तो वरूनच. प्राध्यापक जॉर्जो क्रोची यांनीं छताच्या पाठीवर अ‍ॅरामिड या कार्बनच्या भाऊबंद तंतूच्या बारीक फासळ्या लाकडी गाभ्यावर चढवून राळेनें बसविल्या. १९९९ च्या नोव्हेंबरांत मंदिर पुन्हा उघडलें. खालून चित्रें पाहणाऱ्या यात्रेकरूंस त्या फासळ्या दिसत नाहींत.