हजेरीपटावरील २४० दिवस

बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगेच्या जंगलातून जातो. त्या वाटेवरील सावलीचे कौतुक आपण सर्वच करतो. रोपवाटिकेत पिशव्या भरणारे, डोंगरउतारावर खड्डे खोदणारे, उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणारे हात मात्र कोणाच्या स्मरणात नसतात. महाराष्ट्राच्या कामगार-इतिहासात गिरणीसंपाला मानाचे पान मिळाले. वनमजुरांच्या न्यायालयीन झगड्याला ते मिळाले नाही.

पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला आणि दुर्बलांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरविले. त्यांच्या नजरेसमोर कारखानदार आणि मजूर होते. राज्यसंस्था स्वतःच मालक असेल, तर मजुराने कोणाकडे दाद मागावी? वनमजुरांच्या खटल्यांत हाच पेच उभा राहिला.

महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते १९८२ साली उभे राहिले. माणसे रोजंदारीवर घेतली गेली. काम वर्षानुवर्षे तेच, मजूर तेच. हजेरीपटावर मात्र ते कायमचे ‘तात्पुरते’ राहिले.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराला वर्षभराच्या सलग सेवेचे संरक्षण मिळे. त्याला कमी करायचे, तर महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे लागे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. कायमपणाचे हक्क मिळू नयेत ह्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही त्याने ‘अनुचित कामगार प्रथा’ ठरविली. हा कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. ह्याच शब्दांच्या आधारे वनमजूर औद्योगिक न्यायालयाची पायरी चढले.

सरकारचे म्हणणे असे, की जंगल राखणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, तो उद्योग नव्हे. म्हणून कामगार कायदा येथे लागूच नाही. पुणे व अहमदनगर भागांतील मजुरांचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे ह्या खटल्यात डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने तो बचाव फेटाळला. अशी कामे खाजगी संस्थाही करू शकते, मग ती सार्वभौम कशी? आणि ‘हेतू’ सिद्ध कसा करायचा? माणसाला पाच-सहा वर्षे हंगामीच ठेवले, ह्यातूनच तो हेतू दिसतो, असे न्यायालय म्हणाले. माझ्या मते ह्या निकालाचा गाभा येथेच आहे. मालकाच्या मनात शिरण्याची अशक्य अट मजुराच्या डोक्यावरून उतरली.

लगोलग ३१ जानेवारी १९९६ रोजी शासननिर्णय निघाला. १ नोव्हेंबर १९८९ ते ३१ ऑक्टोबर १९९४ ह्या पाच वर्षांत दरवर्षी किमान २४० दिवस भरलेल्या वनमजुरांना कायम करावयाचे ठरले. आनंद झाला खरा. पण एखाद्या वर्षी ज्याचे २३५ दिवस भरले, तो बाहेर राहिला. दिवसांची नोंद ठेवणारी लेखणी मजुराच्या हाती नव्हती. शिवाय अमुक दिवस रोजगार हमीचे, ते धरता येणार नाहीत, हाही वाद होताच.

पुराव्याचा भार कोणावर, हा प्रश्न त्यामुळे कळीचा ठरला. २००२ साली कर्नाटकातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की २४० दिवस मजुरानेच सिद्ध करावेत. नुसते त्याचे प्रतिज्ञापत्र पुरेसे नाही. २००५ च्या यल्लत्ती प्रकरणात त्या कठोरपणाला मुरड पडली. रोजंदारीच्या माणसाजवळ ना नेमणूकपत्र असते ना पगाराची पावती, हे न्यायालयाने ओळखले. मालकाकडील हजेरीपट मागविण्याचा मार्ग त्याला खुला आहे, असे सांगितले. पुढे २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी सेवेत मागच्या दाराने कायम होण्यास अटकाव केला. परंतु राज्य परिवहन महामंडळाच्या सफाई कामगारांच्या खटल्यात, २००९ साली, १९७१ च्या कायद्याखालील न्यायालयांचे अधिकार त्यामुळे गेले नाहीत, असा खुलासा झाला.

वाचकहो, हे सारे सरकारपुरतेच आहे असे समजू नका. १९७८ च्या बेंगलोर पाणीपुरवठा निकालाने शाळा-इस्पितळेही ‘उद्योगा’च्या व्याख्येत आणली. पुढे १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात शिक्षक हे ‘कामगार’ नव्हेत असे ठरले. शाळेच्या माळ्याला आणि शिपायाला मात्र तो निकाल लागू नव्हता. आपल्या संस्थांचे हजेरीपट आपण कसे ठेवतो?

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध वनमजूर शाळेची जुनी वही घेऊन माझ्याकडे आला होता. त्याच्या मुलीने दर आठवड्याला त्यात कामाचे दिवस मांडून ठेवले होते. “फादर, हे कोर्टात चालंल का?” त्याने विचारले. वही एकटी पुरणार नाही, पण तिच्या आधारे हजेरीपट हजर करण्याचा अर्ज करता येईल, असे मी त्याला सांगितले. काम सुटून किती दिवस झाले, हेही विचारले. कारण १९७१ च्या कायद्याखालील तक्रारीची मुदत ९० दिवसांची होती. त्याने बोटांवर हिशेब केला आणि वही पुन्हा पिशवीत ठेवली.