तेरड्याच्या रंगापासून जेलच्या लेपापर्यंत : सिंधुदुर्ग किनारपट्टीवरील नखरंजन आणि टिकाऊपणाची निवड

प्रस्तावना

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मराठीत क्षणिक उत्साहासाठी वापरली जाते. कोकणात भाद्रपदात तेरड्याच्या रोपांचीच गौर घरात आणतात आणि तिचे वास्तव्य तीन दिवसांचे असते. म्हणीचा उगम या तीन दिवसांत शोधावा की फुलाच्या कोमेजण्यात, याविषयी मतभेद संभवतात. नखांच्या बाबतीत मात्र ही म्हण खरी ठरत नाही. तेरड्यात लॉसोन हे रंगद्रव्य आढळते आणि मेंदीला तिचा तांबडा रंग देणारे द्रव्यही हेच होय. कोरियात तेरड्याची फुले तुरटीबरोबर वाटून मुली नखांवर बांधतात. पहिल्या हिमवर्षावापर्यंत रंग टिकला तर पहिले प्रेम सफल होते, अशी तेथील लोकसमजूत आहे. म्हणजे ज्या रोपाला मराठीने क्षणभंगुरतेचे प्रतीक केले, त्यालाच दुसऱ्या एका समाजाने टिकण्याचे प्रतीक मानले.

नखरंजनाचे इतिहासात तीन मार्ग दिसतात. पहिल्यात रंग नखात मुरतो, दुसऱ्यात तो नखावर थर होऊन बसतो आणि तिसऱ्यात कृत्रिम राळ नखाच्या पृष्ठाला जखडून घट्ट होते. आज मालवण, वेंगुर्ले किंवा सावंतवाडी येथील ब्युटी पार्लरमध्ये ‘जास्त दिवस काय टिकेल?’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा या तीन मार्गांतूनच निवड केली जाते. या निवडीकडे केवळ हौस म्हणून पाहणे अपुरे आहे. हाताला कोणते काम आहे, तो किती वेळ पाण्यात असतो, धर्माचार काय सांगतो आणि रंग काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यांवर ती किनारपट्टीत नेहमीच अवलंबून राहिली.

मेंदी, अळिता आणि नराणी

मेंदीच्या इतिहासावर स्वतंत्र संशोधन करणाऱ्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या दिनचर्येत अलक्तकाचा उल्लेख येतो. हा अलक्तक म्हणजेच मराठीतील अळिता. तो लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या तांबड्या रंगापासून बनतो व पाण्याने फिका होत जातो. मेंदीचे तसे नाही. लॉसोनचा रेणू केरॅटिन या प्रथिनाशी रासायनिक बंध करतो. त्वचेचा वरचा थर झडत असल्याने तळहातावरील मेंदी दोन-तीन आठवड्यांत जाते. नख झडत नाही, ते केवळ वाढते आणि हाताच्या नखाची वाढ महिन्याला सुमारे ३ मिलीमीटर असते. त्यामुळे नागपंचमीच्या आदल्या रात्री रंगविलेल्या नखाच्या टोकाला मकरसंक्रांतीच्या सुमारासही तांबडी कोर दिसू शकते. आजच्या कोणत्याही महागड्या लेपाला हा पल्ला गाठता आलेला नाही.

जुन्या पद्धतीत नक्षीला फारसे महत्त्व नव्हते. पाट्यावर पाला वाटावा, त्यात कात व लिंबाचा रस घालावा, तळहाताच्या मध्यभागी एक ठिपका द्यावा आणि बोटांच्या अग्रांना मेंदीची टोपी चढवावी, एवढाच तो विधी होता. कोनातून काढलेली बारीक नक्षी नंतर आली. लग्नातील ‘मेंदीचा कार्यक्रम’ तर हळद आणि हिरवा चुडा यांच्या मानाने पुष्कळच अलीकडचा असून त्यामागे उत्तरेकडील चालीरीती व हिंदी चित्रपट यांचा प्रभाव स्पष्ट आहे.

मेंदी सौभाग्याशी जोडली गेल्याने टिकाऊपणाला एक कठोर बाजूही होती. कुंकू पुसता येते, बांगड्या फोडता येतात, पण नखात मुरलेला रंग पुसण्याचा उपाय नाही. विधवेला शृंगार नाकारणाऱ्या समाजात पतीच्या निधनानंतरही महिनोन्‌महिने नखावर दिसणारी ती कोर त्या स्त्रीला काय सांगत असेल, याचा विचार सौंदर्यप्रसाधनांच्या इतिहासात क्वचितच झाला आहे.

किनारपट्टीवरील मुस्लिम कुटुंबांत याच गुणधर्माचा अर्थ वेगळा लागला. नमाजापूर्वीच्या वजूमध्ये पाणी नखापर्यंत पोहोचले पाहिजे, असा दंडक आहे. मेंदी रंग देते परंतु थर बनवीत नाही. त्यामुळे तिचा वजूला अडथळा होत नाही. नेलपॉलिशचा थर मात्र काढावा लागतो. ‘मुरणे’ आणि ‘बसणे’ हा फरक प्रयोगशाळेने सांगण्याच्या कितीतरी आधी धर्मशास्त्राने ओळखला होता, असे म्हणता येईल.

नखांची निगा राखण्याचा व्यवसाय मात्र प्रदीर्घ काळ पुरुषांभोवती फिरत राहिला. गावचा न्हावी नराणीने नखे काढी आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी धान्याचा वाटा घेई. स्त्रियांचे नखरंजन घरातच, एकमेकींच्या हातून होत असे. त्याला मोल नव्हते आणि त्यामुळे त्याची नोंदही नाही. नखे रंगवून देण्याचे पैसे स्त्रीने स्त्रीकडून घ्यावेत, ही गोष्ट या भागात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

काम, पाणी आणि नख

मासळी निवडणे व कापणे, भाताची लावणी, सोडणे भिजवून काथ्या काढणे, आमसुले करणे ही किनारपट्टीतील स्त्रियांची कामे बहुतांशी ओल्या हातांची आहेत. नख पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. त्यावरील ताठर थर त्याबरोबर फुगत वा आकसत नाही, म्हणून कडांपासून सुटू लागतो. मासळीबाजारात दिवस काढणाऱ्या स्त्रीच्या नखावर साधे नेलपॉलिश दोन-तीन दिवसांत उडते. ‘तीन दिवस’ ही म्हण खरे म्हणजे येथे लागू पडावी.

काजूचा विषय याहून गंभीर आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात या किनाऱ्यावर आणलेला काजू आज जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक असून वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राच्या वाणांनी त्याचा विस्तार केला. काजूच्या टरफलातील तेलात अॅनाकार्डिक आम्ल व कार्डोल असते आणि त्याने त्वचा भाजते. बी फोडणाऱ्या स्त्रिया हाताला तेल किंवा राख लावून काम करीत आल्या आहेत. या बोटांवर कोणता रंग टिकेल हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रथम बोटे टिकावी लागतात. याच तेलापासून उद्योगात रंग व व्हार्निश तयार होतात, हा त्यातला विरोधाभास.

बाटलीतला रंग

आधुनिक नेलपॉलिशचा जन्म मोटारींच्या रंगाशी निगडित आहे. नायट्रोसेल्युलोज विद्रावकात विरघळवून लावले की विद्रावक उडून जातो आणि चकचकीत पापुद्रा उरतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी हे लॅकर प्रचारात आले आणि १९३२मध्ये स्थापन झालेल्या रेव्हलॉनने अपारदर्शक रंगाचे नेल एनॅमल बाजारात आणले. भारतात टाटा ऑइल मिल्सने १९५२मध्ये लॅक्मे सुरू केली. परकीय चलन वाचविण्यासाठी देशी प्रसाधने निघावीत, अशी पंडित नेहरूंची इच्छा त्यामागे होती असे सांगितले जाते. सिमोन टाटा १९६१मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर आल्या आणि १९९८मध्ये ही नाममुद्रा हिंदुस्थान लिव्हरकडे गेली. ज्या जिल्ह्यातील घरोघरचा एक तरी माणूस मुंबईत नोकरीला असे, तेथे हा रंग मुंबईच्या वाटेने आला यात नवल नाही. त्याचा खरा गुण टिकाऊपणा नव्हताच. तो अॅसिटोनने क्षणात पुसता येत असे. सासर, शाळा, सुतक आणि सण यांच्या वेगवेगळ्या अपेक्षांत वावरणाऱ्या मुलींना हे पुसता येणेच अधिक मोलाचे वाटले असावे.

नावातली लाख

तिसरा मार्ग दंतवैद्यकातून आला. १९५४मध्ये फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने स्वतःचे मोडलेले नख दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या अॅक्रिलिकने सांधले. द्रव आणि भुकटी एकत्र येताच साखळी अभिक्रिया सुरू होते आणि काही मिनिटांत कठीण कवच तयार होते. आरंभी वापरलेल्या मिथाइल मेथाअॅक्रिलेटमुळे नखांना इजा व अॅलर्जी होऊ लागल्याने अमेरिकेत १९७०च्या दशकात त्याविरुद्ध कारवाई झाली आणि उद्योग इथाइल मेथाअॅक्रिलेटकडे वळला. जेलमध्ये हीच अभिक्रिया प्रकाशाने घडविली जाते. डिप पावडरचा आधार सायनोअॅक्रिलेट, म्हणजे घराघरांत ओळखीचा असलेला झटपट चिकटणारा गोंद.

२०१०मध्ये एका अमेरिकन कंपनीने नेलपॉलिशसारखे लावता येणारे आणि दोन आठवडे टिकणारे जेल आणले व त्याला ‘शेलॅक’ हे नाव दिले. शेलॅक म्हणजे लाखेची शुद्ध केलेली राळ; प्रत्यक्षात या जेलची चमक लाखेमुळे नसून ती मेथाअॅक्रिलेटची आहे. सिंधुदुर्गाच्या वाचकाला या नावाची गंमत अधिक जाणवावी, कारण खरी लाख सावंतवाडीत आहे. तेथील चितारी कारागीर चरकावर फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने तिचा लेप चढवीत. गंजिफाच्या पानांनाही चिंचोक्याची खळ व खडू यांच्या थरांनंतर लाखेचा हात दिला जाई. दशावतारी गंजिफाची १२० पाने पिढ्यान्‌पिढ्या खेळून टिकत ती या थरांमुळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोप पावू लागलेली ही कला शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांच्या प्रयत्नांनी वाचली. लाखेला जागतिक बाजारात आजही प्रतिष्ठा आहे, पण ती नावापुरती, कारागिराच्या घरापर्यंत न पोहोचणारी.

आजची निवड

१९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२१मध्ये चिपी विमानतळ खुला झाला. पर्यटनाबरोबर सेवाव्यवसाय वाढले आणि पार्लर हा स्त्रियांना घराजवळ करता येणारा उद्योग ठरला. जेल साधारणतः दोन ते तीन आठवडे टिकते. अॅक्रिलिक त्याहून दणकट असते, परंतु नख वाढले की मुळाशी पडणारी फट दर दोन-तीन आठवड्यांनी भरावी लागते. ही फट आणि कडेने सुटलेला लेप यांत पाणी साचले की जंतुसंसर्गाने नख हिरवट पडू शकते. ओल्या हातांच्या कामाशी हे लेप जुळत नाहीत ते मुख्यतः यामुळे. लग्नातील वधूला किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षात बसणाऱ्या मुलीला जेल सोयीचे, तर मासळी कापणारीला मेंदी, हा भेद वरवर अभिरुचीचा वाटला तरी मुळात श्रमाचा आहे.

सुरक्षिततेविषयी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. जानेवारी २०२३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी जेल वाळविण्याच्या दिव्याखाली पेशी ठेवून पाहिल्या. २० मिनिटांच्या एका प्रकाशमात्रेत २० ते ३० टक्के पेशी मृत झाल्या. हा प्रयोग बशीतील पेशींवर झाला होता, हातांवर नव्हे. त्यातून कर्करोगाचा थेट निष्कर्ष काढता येत नाही. अॅलर्जीचा प्रश्न अधिक निश्चित आहे. पूर्ण न वाळलेले जेल त्वचेला लागले की अॅक्रिलेटची अॅलर्जी जडू शकते आणि ती आयुष्यभर राहते. पुढे दातांच्या उपचारांतही तिचा त्रास संभवतो. युरोपीय संघाने हेमा या घटकाचा नखप्रसाधनांतील वापर केवळ व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आणि टीपीओ हा प्रकाशसंवेदी घटक १ सप्टेंबर २०२५पासून प्रसाधनांत निषिद्ध ठरविला. नैसर्गिक म्हणून विकली जाणारी मेंदीही निर्धोक असतेच असे नाही. ‘काळी मेंदी’ या नावाखाली पॅरा-फेनिलिनडायअमाइन मिसळलेली असल्यास त्वचेवर फोड येतात.

या चर्चेत नेहमी ग्राहक स्त्रीचाच विचार होतो. ती महिन्यातून एकदा दिव्याखाली हात धरते. तिच्या समोर बसलेली पार्लरचालिका तेच जेल दिवसातून अनेकदा हाताळते, कानशीने जुना लेप घासताना उडणारी धूळ तिच्याच श्वासात जाते आणि बंद, वातानुकूलित गाळ्यात विद्रावकाची वाफ संध्याकाळपर्यंत तिच्याभोवती राहते. नायट्राइलचे हातमोजे, तोंडावर साधा मास्क आणि गाळ्याला हवा खेळती ठेवणारी एक खिडकी, एवढ्यांनी तिचा धोका बराच कमी होतो. हातमोज्यांचा खर्च मात्र तिला प्रत्येक नखरंजनाच्या दरात बसवावा लागतो, आणि शेजारच्या गाळ्यात हातमोज्यांविना काम करणारीचा दर त्याहून कमी असतो.