चार आणे पीक की सहा आणे?

१९१८ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, एक मोठा लढा झाला. गांधीजींनी चालविलेला खेडा सत्याग्रह आपण शाळेत वाचलेला आहे. पण त्या लढ्याच्या मुळाशी एक आकडा होता, हे फारसे सांगितले जात नाही. पूर्ण पीक सोळा आणे धरायचे आणि यंदाचे पीक त्यातले किती आणे, हे ठरवायचे, ही आणेवारीची रीत. चार आणे किंवा त्याहून कमी पीक आले तर त्या वर्षाची सारावसुली तहकूब व्हावी, असा नियम होता. सरकारी अधिकारी म्हणत, पीक चार आण्यांच्या वर आहे. शेतकरी म्हणत, चार आणेसुद्धा नाही. शेत तेच, पीक तेच, आणि आकडे दोन!

याचं कारण साधं आहे. आणेवारी नजरेने ठरायची. बांधावर उभं राहून पाहायचं आणि अंदाज सांगायचा. पाहणारा सारा वसूल करणारा असेल तर अंदाज एकीकडे झुकणार, आणि सारा भरणारा असेल तर दुसरीकडे. यात कुणी लबाडच असतो असं नव्हे. माणसाची नजरच तशी आहे.

मग खरं पीक कळावं कसं? जिल्ह्यातलं प्रत्येक शेत कापून तोलणं शक्य नाही. इथे संख्याशास्त्राचं काम सुरू होतं.

त्याचं एक अंग वर्णनाचं. समजा, एका गावच्या पाच शेतांत एकरी ४, ५, ६, ७ आणि ८ क्विंटल बाजरी निघाली. दुसऱ्या गावात १, २, ६, ९ आणि १२. दोन्हीकडे सरासरी सहाच. पण दुसऱ्या गावात एक-दोन घरी चूल पेटायची पंचाईत आहे, हे सरासरी सांगत नाही. ते कळायला आकड्यांचा पसारा, म्हणजे तफावत, पाहावी लागते. आम्ही मास्तर मंडळी परीक्षेत सरासरी काढायला लावतो आणि तिथेच थांबतो, ही आमची खोड.

दुसरं अंग अनुमानाचं. थोडी शेतं पाहून साऱ्या जिल्ह्याबद्दल बोलायचं. शिताची परीक्षा करून भात शिजला की नाही हे गृहिणी सांगते ना, तसंच. फरक एवढाच की भात ढवळलेला असतो, शेतं ढवळता येत नाहीत. म्हणून गावं आणि शेतं चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाच्याही मर्जीवाचून निवडायची. असं केलं म्हणजे चूक टळत नाही, पण ती किती असू शकेल याचा हिशेब मांडता येतो. नमुना चौपट केला तर ही चूक साधारण निम्मी होते.

हे आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर करून दाखविलं ते प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी. १९३१ साली त्यांनी कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि १९३७ पासून बंगालातील तागाची नमुना पाहणी हाती घेतली. १९४१ साली तर कसोटीच लागली. नमुन्यावरून तागाचा अंदाज निघाला सुमारे ७५ लाख गाठींचा. त्याच वर्षी शेत न् शेत मोजण्याचा खटाटोपही झाला. त्यातून आले सुमारे ६३ लाख. पुढे व्यापाराचे आणि जकातीचे आकडे आले, तेव्हा ताग निघाला ७५ लाखांहून थोडा जास्त. सगळं मोजलं तरी मोजणीच ढिली असेल तर उपयोग काय?

आता आपल्या मुलखातले एक नाव. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले आणि १९४० पासून दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. महालनोबीस पीक कापण्यासाठी लहान तुकडे घेत. काम झटपट होई. सुखात्म्यांनी हरकत घेतली. तुकड्याच्या कडेवर जी रोपं येतात ती आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. एक मीटरच्या चौकोनात एक चौरस मीटर क्षेत्राला चार मीटर कड असते. दहा मीटरच्या चौकोनात शंभर चौरस मीटरला फक्त चाळीस. म्हणून तुकडा जितका लहान, तितकं पीक फुगतं. प्रयोग करून त्यांनी हे दाखविलं आणि १९४६ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात मांडलं. असे हजार तुकडे घेतले तरी ही चूक कमी होत नाही, कारण ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला पडते. खेड्याच्या आणेवारीतली चूक याच जातीची होती.

दोघांचा वाद बरीच वर्षे चालला. काम महसुली नोकरांकडून करून घ्यावं, असं सुखात्मे म्हणत. महालनोबीसांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. माझ्या मते तुकड्याच्या बाबतीत सुखात्म्यांचं म्हणणं बरोबर होतं. माणसांच्या बाबतीत मात्र महालनोबीसांची शंका अगदीच फोल म्हणता येत नाही.

१९५७ साली दशमान नाणी आली, पुढे आण्यांचे व्यवहार गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली की वर, यावर आजही गावाच्या सवलती अडतात. पीककापणीचा प्रयोग गावात होईल तेव्हा शिक्षकांनी मुलांना बांधावर जरूर न्यावं. शेत कसं निवडलं ते विचारावं. नैऋत्य कोपऱ्यापासून पावलं मोजून खुंटी ठोकतात. त्या पावलांचा आकडा यादीतून आला की पीक पाहून, तेही पाहावं. आणि दोरी ताणली की कडेवरच्या ताटांकडे बघावं, ती आत जातात की बाहेर.