रंगीत निगेटिव्हच्या पेट्या आधी उघडा

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. सांगली नगर वाचनालयाची पुस्तकं भिजली, त्याच्या बातम्या आल्या. जुन्या स्टुडिओंतल्या निगेटिव्हबद्दल मात्र मी फारसं काही वाचलं नाही.

स्टँडवरचा मोठा कॅमेरा आठवतोय ना? फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालायचा. आधी काचेची प्लेट होती, मग शीट फिल्म आली. एका फोटोला एक शीट. अंधारात बोटाला कोपऱ्यातली खाच लागली की इमल्शनची बाजू कळायची. १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ओळखली जायची ती कृष्णधवलसाठी. रंगीत शीट म्हणजे महागडं काम. १९७२ मध्ये कोडॅकने सी-४१ पद्धत आणली. तिच्यात डेव्हलपर ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. तापमान जरा हललं की रंग बिघडलाच!

खरी गोम पुढे आहे. कृष्णधवल निगेटिव्हमधलं चित्र चांदीचं असतं. रंगीतमधली चांदी धुताना काढून टाकतात, मागे उरतात नुसते रंग. ते बंद पेटीतसुद्धा उन्हाळ्यागणिक विटतात. म्हणजे साताऱ्यात माळ्यावर ठेवलेली पेटी पुरापासून वाचेल, उकाड्यापासून नाही.

म्हणून स्कॅनिंग रंगीतपासूनच सुरू व्हावं. सांगलीच्या महापालिकेने आणि साताऱ्याच्या नगरपालिकेने त्यासाठी एकेक स्कॅनर अन् एकेक थंड, कोरडी खोली द्यावी, एवढंच मागणं आहे. आणि पुन्हा पाणी शिरलंच, तर एकमेकींना चिकटलेल्या फिल्म तशाच वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुट्या करा. कुणाच्या घरी अशा पेट्या असतील तर खाली गावाचं नाव लिहा.