हाताचा हिशेब

मनुष्याच्या हाताची किंमत किती, हा प्रश्न काव्यांतला वाटेल. परंतु राज्यकारभारानें तो आंकड्यांनींच सोडविला आहे. जुन्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे १९८२ पासूनच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, या आंकड्यांचा माग आम्ही घेणार आहों.

१९२३ सालीं कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि बल्लारपूरच्या कोळशाच्या खाणींतील मजुराचा हात कोष्टकांत बसला. अंगठा गेल्यास कमाईची शक्ति शेंकडा २५ नें घटली, तर्जनी गेल्यास १० नें, दुसरें एखादें बोट गेल्यास ५ नें, असें तें कोष्टक होतें. पुढें आंकडे वाढले. दृष्टि तीच राहिली. तुटलेलें बोट मोजणें सोपें. पण कुऱ्हाडीच्या घावानें आंतली कंडरा तुटली, तर बोट जागेवर दिसतें, मात्र वळत नाहीं. अशा अर्धवट निकामी बोटाचें मोल कोष्टकांत सांपडत नाहीं. तें डॉक्टरानें ठरवावें लागतें. सुश्रुतानें शरीरांतील सोळा कंडरांपैकीं चार हातांच्या सांगितल्या, त्या उगीच नव्हेत.

२०१२ सालीं राज्य सरकारनें राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत गडचिरोली होता. २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. या योजनेंत प्रत्येक शस्त्रक्रियेस सांकेतिक क्रमांक व ठराविक रक्कम असते. त्या क्रमांकामुळें गरिबास दमडी न मोजतां शस्त्रक्रिया लाभते, हा उपकार लहान नव्हे.

तथापि टांके घातल्यानें कंडरेचा हिशेब मिटत नाहीं. जोडलेली कंडरा बळ धरण्यास सुमारें तीन महिने लागतात. तोंवर ती मुळींच न हलविली तर भोंवतीं चिकटते, अवेळीं ताणली तर तुटते. इकडे तेंदूपानांचा हंगाम उन्हाळ्यांतील थोड्या आठवड्यांचा! सत्तर पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईची चिमूट परत आली कीं नाहीं, हें रुग्णालयाच्या बिलावरून कसें कळावें?

याच मुलुखांत, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे यांनीं आनंदवन वसविलें. कुष्ठानें बोटें झडलेल्या माणसांनीं तेथें विहिरी खणल्या, शेतें पिकविलीं. तेथें हात मोजला गेला तो गेलेल्या बोटांवरून नव्हे, झालेल्या कामावरून. क्रमांक अवश्य असावेत. पण प्रत्येक कोष्टकाच्या शेवटीं एक रकाना हवा: हात कामास लागला काय? तो भरेपर्यंत हिशेब पुरा झाला, असें आम्ही म्हणणार नाहीं.