लेखनक्रिया आणि विस्मृत पोथ्यांची परीक्षा

आमच्या कोंढा गांवाच्या पवनी तालुक्यांत, खुद्द पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर, १९६९-७० सालच्या उत्खननांत प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष व त्यांवरील ब्राह्मी दानलेख उजेडांत आले. दगडावरील अक्षर दोन हजार वर्षें टिकलें. कागदाचें आयुष्य तेवढें नाहीं. वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था ह्या तिहींतून जी पोथी वांचते, ती तरी नीट पारखली जावी, ह्याकरितां संशोधकास लेखनक्रियेचें ज्ञान अवश्य आहे, हें प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य होय.

ह्या विषयावर समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच योजिला आहे. पान शिशानें आंखून घ्यावें, ओळींतील अंतर सारखें राखावें, एका ओळीच्या मात्रा-वेलांट्या दुसरीस भिडूं देऊं नयेत, तारुण्यांत फार बारीक लिहूं नये, कारण तें म्हातारपणीं उपयोगी पडत नाहीं, अशी त्यांची शिकवण आहे. भोंवतीं जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडत नाहीं, हें त्यांतील सर्वांत मोलाचें सूत्र. बरू, शाई, हिंगूळ, बासनें व पेट्या ह्यांचाही तेथें विचार आहे.

हे केवळ सौंदर्याचे नियम नव्हेत. बांधणीच्या सोयीसाठीं जो संग्राहक पोथीचा समास कापतो, तो अक्षराचें कवच काढून टाकतो. समासांत सुटलेला मजकूर व टिपा असतील तर त्याही गमावतो. हरताळ लावलेली जागा हा डाग नसून लेखकानें केलेली दुरुस्ती असते. तिच्याखालीं मूळ पाठ असण्याचा संभव असल्यामुळें ती प्रथम तपासावी. शब्द सलग लिहिलेले असल्यामुळें दोन ओळींत एकच शब्द आला कीं नक्कल करणाराची दृष्टि एकावरून दुसऱ्यावर जाते व मधला मजकूर गळतो. थ-य, घ-ध, व-ब ह्या जोड्यांनीं किती पाठभेद उत्पन्न केले आहेत, हें स्वतः बरूनें चार पानें उतरून काढल्यावांचून कळत नाहीं. जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नये, हें लेखकाचें सुपरिचित समाप्तिवचन मग पोकळ विनय वाटत नाहीं.

महानुभाव वाङ्मयाचें उदाहरण बोधप्रद आहे. पंथीयांनीं ग्रंथ सकळ वगैरे सांकेतिक लिप्यांत उतरले. अक्षरांच्या अदलाबदलीच्या ह्या संकेतामुळें ग्रंथ पंथाबाहेर गेले नाहींत. परंतु म्हणूनच शतकानुशतकें मराठी वाचकांस ते अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं वि. का. राजवाडे यांनीं ही लिपि उलगडली. पुढें ह. ना. नेने यांनीं म्हाइंभटांचें लीळाचरित्र प्रकाशांत आणिलें आणि १९७८ सालीं वि. भि. कोलते यांची आवृत्ति निघाली. येथें पोथी जपणारा आणि लिपि वाचणारा, दोघेही सारखेच आवश्यक होते.

पोथीच्या अखेरचा काललेख पारखण्याची एक सोपी रीति सांगतों. आपल्याकडील गणनेनें शकांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी राहील तो प्रभवादि संवत्सराचा अनुक्रमांक. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. बारा मिळवून १६०८, भागितां बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. मेळ बसला. बाकी शून्य आल्यास क्षय समजावा. शक व संवत्सर जुळले नाहींत, तर ही नक्कल जुन्या काललेखासह उतरली आहे काय, शक गत धरला आहे काय, कीं अंक वाचण्यांत चूक आहे, हें पाहावें. मेळ बसला तरी त्यानें प्रतीचें वय सिद्ध होत नाहीं, कारण काललेखही जसाचा तसा उतरतां येतो. कागद व अक्षरवटिका ह्यांची साक्ष घ्यावीच लागते.

जीर्ण पोथी नदींत विसर्जन करण्याची रूढि श्रद्धेंतून आलेली आहे. तिचा उपमर्द न करितां एवढेंच विनवावें कीं, बासन वैनगंगेंत सोडण्यापूर्वीं एकदां उघडावें. पहिलें व शेवटचें पान उतरून घ्यावें. ग्रंथनाम, लेखक, स्थळ, शक व पत्रसंख्या नोंदवावी. सुटीं पानें कितीही क्षुल्लक दिसलीं तरी वेगळीं करूं नयेत. नदीनें नेलेलें पान कोणत्याही मंडळाच्या दप्तरीं परत येत नाहीं.